दोन पूल : ‘मंडळीवाढी’च्या सिद्धान्ताची मध्य प्रांतातून चिकित्सा

मराठी प्रॉटेस्टंट ख्रिस्ती माणूस ‘मंडळी’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात इमारत नसते. इमारतीला तो देऊळ म्हणतो, मंदिर म्हणतो. मंडळी म्हणजे तिथे जमणारी माणसे, त्यांचा पाळक, त्यांचे पंच, त्यांची भांडणे आणि त्यांचा हिशेब. ही मंडळी वाढवायची कशी आणि निरोगी ठेवायची कशी, यावर गेल्या साठेक वर्षांत पाश्चात्त्य देशांत पुस्तकांचा डोंगर उभा राहिला आहे. रिक वॉरेन यांचे ‘द पर्पज ड्रिव्हन चर्च’ (१९९५), ख्रिश्चन श्वार्ट्झ यांचे ‘नॅचरल चर्च डेव्हलपमेंट’ (१९९६), मार्क डेव्हर यांचे ‘नाइन मार्क्स ऑफ अ हेल्दी चर्च’ ही त्यांतली गाजलेली नावे. पाळकांच्या शिबिरांतून यांचे सार आपल्याकडे सांगितले जाते, आणि सांगणाऱ्याचा सूर बहुधा असा असतो की शास्त्र तिकडे सिद्ध झाले आहे, आपण ते फक्त लावून पाहायचे.

प्रत्यक्षात हे शास्त्र इथून तिकडे गेले आहे. त्याचा मूळ प्रश्न पडला तो जुन्या मध्य प्रांत व वऱ्हाडात, म्हणजे भंडारा जिल्हा ज्या प्रशासकीय मुलखाचा भाग होता त्याच मुलखात. म्हणून त्याची चिकित्साही इथूनच करणे रास्त ठरेल. प्रस्तुत लेख ख्रिस्ती श्रद्धेच्या सत्यासत्यतेविषयी नाही. एखादा लहान श्रद्धासमूह जिवंत आहे की नुसता तग धरून आहे हे ओळखायचे कसे, एवढाच इथला प्रश्न आहे. आणि तो वारकरी फडाला, बुद्धविहाराला किंवा गावातल्या भजनी मंडळालाही तितकाच लागू पडतो.

डोनाल्ड मॅकगॅव्हरन यांचा जन्म १८९७ साली दमोह येथे झाला. घराणे मिशनऱ्यांचे, आजोळची मंडळी १८५७च्या आधीपासून हिंदुस्थानात होती. ते स्वतः १९२३ मध्ये ‘डिसायपल्स ऑफ क्राइस्ट’ या पंथाचे मिशनरी म्हणून मध्य प्रांतात परतले. १९३२ ते १९३६ या काळात ते आपल्या मिशनचे सचिव होते. सचिवाच्या टेबलावर अहवाल येतात. शाळा किती, दवाखाने किती, पगारी माणसे किती, खर्च किती हे त्यांत असे. आणि शेवटी मंडळीत नव्याने आलेल्यांचा आकडा. बहुतेक ठाण्यांवर हा शेवटचा आकडा इतका लहान होता की त्यातून मिशनच्या वसतिगृहांतली आणि नोकरांच्या घरांतली मुले वजा केली तर फारसे काही उरत नसे. मेथडिस्ट मिशनरी जे. वॉस्कम पिकेट यांनी १९३३ साली ‘ख्रिश्चन मास मूव्हमेंट्स इन इंडिया’ हा समूह-धर्मांतरांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. मॅकगॅव्हरन पिकेटच्या पाहणीत सहभागी झाले आणि मध्य भारतातल्या मिशनक्षेत्रांचा त्यांचा एकत्रित अभ्यास १९३६ मध्ये बाहेर आला.

त्यांचे निदान नेमके होते, हे आधी मान्य केले पाहिजे. त्यांनी बोट ठेवले ते ‘मिशन कंपाउंड’वर. एकेकटा माणूस बाप्तिस्मा घेतो, घरचे त्याला बाहेर काढतात, तो कंपाउंडात येतो. मिशन त्याला शिपाई, स्वयंपाकी, शिक्षक, कंपाउंडर अशी काहीतरी नोकरी देते. त्याची मुले मिशनच्या शाळेत शिकतात आणि त्यांची लग्ने कंपाउंडातच होतात. दोन पिढ्यांत एक नवी जात तयार होते, जिचे गावाशी नाते तुटलेले आणि पोट मिशनच्या तिजोरीला बांधलेले. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूर-कामठीत आले. त्याच परंपरेचे ठाणे पुढे भंडाऱ्यातही उभे राहिले आणि त्याच्याबरोबर वैद्यकीय काम आले. विदर्भातल्या कुठल्याही जुन्या मिशन ठाण्याच्या आवारात आज गेलात तरी मॅकगॅव्हरन काय म्हणत होते ते न वाचता समजते. कौलारू बंगला, मोठी झाडे, जमिनीच्या सातबाऱ्यावरून चाललेला दावा आणि रविवारी देवळात अर्धे रिकामे बाक.

निदान बरोबर; औषधाचे काय? मॅकगॅव्हरन यांनी ते १९५५ साली ‘द ब्रिजेस ऑफ गॉड’ या पुस्तकात मांडले. देवाचे पूल म्हणजे नातेसंबंध. माणूस एकटा येत नाही. सोयरे, भाऊबंद, जात असा अख्खा गट एकत्र येतो, आणि तसाच येऊ द्यावा. पुढे १९७० मध्ये ‘अंडरस्टँडिंग चर्च ग्रोथ’ या ग्रंथात हे तत्त्व अधिक कडक झाले : वंश, भाषा, वर्ग यांच्या भिंती ओलांडायला न लावता माणसांना ख्रिस्ती होऊ द्या, एकजिनसी गटांच्या एकजिनसी मंडळ्या उभ्या करा, मग वाढ होते. १९६१ मध्ये त्यांनी ऑरेगन राज्यात या विषयाची संस्था काढली, १९६५ मध्ये ती कॅलिफोर्नियातल्या फुलर सेमिनरीत गेली, आणि तिथून ‘चर्च ग्रोथ’ हा शब्द जगभर पसरला. वॉरेन यांनी मॅकगॅव्हरनचे ऋण उघडपणे सांगितले आहे. दमोहच्या आसपास पडलेला प्रश्न कॅलिफोर्नियाच्या उपनगरांतून फिरून, पानांची चकचकीत मांडणी घेऊन, परत आपल्याकडे आला तो असा.

उपनगरात ‘एकजिनसी गट’ म्हणजे साधारण सारख्या उत्पन्नाची, सारख्या वयाची, गाडीने येणारी कुटुंबे. मध्य प्रांतात त्याचा अर्थ एकच होतो, तो म्हणजे जात. महारांची मंडळी, मांगांची मंडळी, सतनाम्यांची मंडळी. हा अर्थ सिद्धान्ताला चिकटवलेला आरोप नाही. सिद्धान्ताचा जन्मच जातीच्या निरीक्षणातून झाला आहे. माणसाला जात न सोडता मंडळीत येऊ द्या, जात मागाहून विरघळेल, असा त्यामागचा भरवसा होता. मागाहून काय झाले ते मराठी ख्रिस्ती समाजात लग्न जमवणाऱ्या कोणालाही विचारावे.

स्वतः मॅकगॅव्हरन यांनी १९३६ नंतर छत्तीसगढात सतनामी समाजात सतरा-अठरा वर्षे काम केले. त्यांना अपेक्षित होती ती समूहाची लाट तिथेही आली नाही. शास्त्रज्ञाचा प्रयोग त्याच्याच हातून साधला नाही म्हणून सिद्धान्त खोटा ठरत नाही, हे खरे. पण खरी अडचण पुढे आहे.

‘द ब्रिजेस ऑफ गॉड’ प्रसिद्ध झाले १९५५ साली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. मध्य प्रांताच्या इतिहासातले सर्वांत मोठे समूह-धर्मांतर, नात्यागोत्यांच्या पुलांवरून, गावेच्या गावे. आणि ते चर्चमध्ये झाले नाही. त्यामागे परदेशी निधी नव्हता, पगारी प्रचारक नव्हते, दवाखाना नव्हता, वसतिगृहाचे आमिष नव्हते. २०११च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या बारा लाख आहे; तीत बौद्ध एक लाखाहून अधिक आहेत आणि ख्रिस्ती एका टक्क्यापेक्षा कितीतरी कमी. हा जिल्हा बाबासाहेबांना परका नव्हता. १९५४ची लोकसभेची पोटनिवडणूक त्यांनी भंडाऱ्यातूनच लढवली आणि ते हरले. मतपेटीने दगा दिला, पण दोन वर्षांनी माणसे बरोबर गेली.

मॅकगॅव्हरन यांच्या सिद्धान्ताची बाजू घेणारा म्हणेल की ही त्याची सिद्धताच झाली. मला ती त्याची सर्वांत अवघड परीक्षा वाटते. माणसे नात्यांच्या पुलावरून गेली हे खरे, पण पुलाच्या पलीकडे काय होते? पलीकडे त्यांचाच नेता होता, त्यांचीच वस्ती होती आणि जात सोडण्याची बावीस प्रतिज्ञांतून मांडलेली उघड अट होती. भिंत न ओलांडता या, असे कोणी सांगितले नव्हते. उलट भिंत पाडायलाच ती माणसे निघाली होती. अस्पृश्य ख्रिस्त्यांविषयीचे आंबेडकरांचे लेखन महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या समग्र इंग्रजी लेखनाच्या पाचव्या खंडात, १९८९ साली, छापून आले. मिशनऱ्यांनी शिक्षणात आणि आरोग्यात केलेल्या कामाचे मोल त्यांनी नाकारलेले नाही. मात्र चर्चने स्वतःच्या आतली जात मोडली नाही, आणि धर्मांतरित माणूस अन्यायाविरुद्ध समाज म्हणून उभा राहिला नाही, हे त्यांनी स्पष्ट लिहिले आहे. मंडळीच्या आरोग्याची इतकी नेमकी तपासणी वर उल्लेखलेल्या तिन्ही पुस्तकांत मला आढळली नाही. डेव्हर यांच्या नऊ खुणांत वचनाचे विवरण आहे, सभासदत्व आहे, शिस्त आहे. मंडळीतला कोण कोणाच्या घरी जेवतो, हा प्रश्न नाही.

श्वार्ट्झ यांचे पुस्तक त्या मानाने अधिक कामाचे आहे. त्यांनी शेतीशास्त्रातला लीबिगचा नियम घेतला आहे : पिकाला जे अन्नद्रव्य सर्वांत कमी मिळते तेच उत्पादन ठरवते. लाकडी पिंपाची सर्वांत आखूड फळी जिथे असेल तिथपर्यंतच पाणी राहते, तसे मंडळीच्या आठ गुणांपैकी जो सर्वांत कमजोर तिथेच वाढ अडते. भाताच्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. फक्त, आखूड फळी कोणती हे शोधण्यासाठी जी प्रश्नावली आहे ती गृहीत धरते की फळ्या सगळ्या मंडळीच्याच मालकीच्या आहेत. जमीन विश्वस्तांच्या नावावर, पाळकाची बदली दुसऱ्या शहरातून, पगार आणखी तिसरीकडून, आणि मंडळीच्या हाती फक्त सतरंज्या घालणे, अशा ठिकाणी प्रेरणादायी उपासनेचे गुण मोजून काय कळणार?

आकड्यांविषयी दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत, कारण ही पुस्तके हजेरीच्या आकड्यावर फार भिस्त ठेवतात. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेरच राहिले. म्हणजे बाकावर बसलेला माणूस रजिस्टरवर असेलच असे नाही, आणि नसण्याचे कारण त्याच्या श्रद्धेत नसून मुलाच्या दाखल्यात असते. दुसरे असे की वॉरेन यांची सॅडलबॅक मंडळी १९८० मध्ये ज्या भागात सुरू झाली तिथे रोज नवी कुटुंबे राहायला येत होती. तुमसर, साकोली, पवनी अशा ठिकाणाहून माणसे जातात. नागपूरला, रायपूरला, पुण्याला. पंधरा वर्षांत दहा चांगली मुले घडवून बाहेर पाठवणारी मंडळी या मापाने घसरणीला लागलेली दिसते, आणि त्या दहांना आयते मिळवणारी पुण्याची मंडळी आदर्श ठरते. पाळकांच्या शिक्षणाचेही असेच झाले. यवतमाळला १९५३ पासून चाललेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये पुण्याला गेली. त्यामागची कारणे व्यवहाराची असतील. पण खेड्यातल्या मंडळीला पाळक शहरातून आणि इंग्रजीतून शिकून मिळणे याचा परिणाम उपदेशाच्या भाषेत ऐकू येतो.

दुसऱ्या पुलाचे बांधकाम याच मुलखातल्या एका रेल्वे प्रवासात सुरू झाले. १८९३ साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला चालले होते. हा लोहमार्ग भंडारा रोड आणि तुमसर रोडवरून, म्हणजे आपल्या जिल्ह्यातूनच जातो. डब्यातल्या एका गोऱ्या गृहस्थाने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांना डोंगरावरील प्रवचनाने धरून ठेवले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही आग्रहाने भारतीय पाळकाच्या हातून. मंडळीवाढीच्या कोणत्याही नियमात हा माणूस बसत नाही. गट नाही, नाते नाही, उलट बायको दूर गेली. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० साली झाला, आणि मधल्या पाच वर्षांत काय काय घडले ते ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या मराठी वाचकाला सांगायला नको.

आपण ख्रिस्ताकडे तुकोबांच्या पुलावरून आलो, असे टिळक म्हणत. एका माणसाचा पूल सोयऱ्यांचा, दुसऱ्याचा अभंगाचा. टिळकांनी मंडळीला दिलेली गोष्ट म्हणजे तिच्या तोंडी बसणारी भाषा. त्यांच्या आधी कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवले होते. टिळकांनी शंभराहून अधिक गीते लिहिली आणि ‘उपासना संगीत’ त्यांच्याशिवाय कल्पनेत येत नाही. ज्या मंडळीत पाळक नाही, पेटी वाजवणारा एकच आहे आणि तोही शिफ्टला जातो, तिथेही रविवारी ही गीते म्हटली जातात. वाढीचे पुस्तक याला ‘कार्यक्रम’ म्हणणार नाही. पण पाळक नसताना काय उरते, ही आरोग्याची फार चांगली कसोटी आहे.

टिळकांनी मिशनची चाकरी १९१७ मध्ये सोडली. त्याच वर्षी त्यांनी ‘देवाचा दरबार’ जाहीर केला : बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांचा बंधुसमाज. परदेशी पैसा आणि परदेशी हुकूम यांच्या बाहेर भारतीय ख्रिस्तभक्ती उभी राहावी, ही त्यामागची तळमळ. ९ मे १९१९ रोजी ते गेले आणि दरबारही फार काळ टिकला नाही.

टिळकांवर लिहिणारे इथे हळहळतात आणि थांबतात. हळहळण्यापेक्षा हिशेब घालणे बरे. दरबार एका माणसाच्या तेजावर उभा होता. दुसरा कोण, तिसरा कोण, पैसा गोळा कोण करणार, मतभेद झाला तर निवाडा कोठे, यांची उत्तरे तयार व्हायच्या आत माणूस गेला. सभासदांची यादी नसलेली वारी शतके टिकते, कारण तिच्यामागे फड आहेत, विणेकरी आहेत, कोणी कोणाच्या मागे चालायचे याचा ठरलेला क्रम आहे. टिळकांनी वारीचे गाणे घेतले. फड घ्यायला त्यांना सवड मिळाली नाही. आणखी एक अवघड गोष्ट. अहमदनगरकडच्या मंडळीचे शरीर महार-मांगांचे होते आणि तिचा लेखी चेहरा उच्चवर्णीय राहिला. अभंग सगळ्यांचा होता, चोखोबाही सगळ्यांचे होते. पण मंडळीच्या इतिहासात नाव लागले ते बहुधा लिहिणाऱ्यांचे. टिळकांच्या पुलावरून जातीची भिंत कोसळली असे म्हणता येत नाही.

मिशनच्या पैशाचा प्रश्न कोणाला सुचलाच नव्हता असेही नाही. ज्या अमेरिकन बोर्डाचे अमेरिकन मराठी मिशन होते त्याचे सचिव रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेले. मंडळीने स्वतःचा कारभार स्वतः करावा, स्वतःचा खर्च स्वतः भागवावा आणि प्रसारही स्वतः करावा, हे सूत्र त्यांचे आणि लंडनच्या चर्च मिशनरी सोसायटीच्या हेन्री व्हेन यांचे. १८५४ सालीच अहमदनगरला हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. पण सूत्र कागदावर असताना दुष्काळ येत गेले. १८७६-७८, १८९६-९७, १८९९-१९००. पंडिता रमाबाई मध्य प्रांतातून मुली घेऊन केडगावला गेल्या त्या याच काळात. भुकेल्याला आधी वाढायचे असते, त्यात चूक काही नाही. मात्र मदतीचा हात आणि मंडळीचा हात एकच झाला की मंडळी देणारी होत नाही, घेणारी होते. आणि ही सवय दुष्काळ संपल्यावर संपत नाही.

मिझोराममध्ये ‘बुहफाई थाम’ नावाची रीत आहे. घरची बाई प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढते. ते जमा होतात, विकले जातात आणि त्यातून मंडळीचे काम चालते. शतकभर चाललेली ही रीत गरिबांची आहे. भंडारा जिल्हा तर भाताचाच. इथल्या ख्रिस्ती घरांत मूठ नव्हती असे नाही. मूठ मागायची गरज कोणाला वाटली नाही, कारण एडिंबरोहून हुंडी येत होती. यात मिशनऱ्यांच्या औदार्याचा दोष जितका तितकाच इथल्या पंचांच्या सोयीचा. आज हुंडी बंद झाली आहे आणि मूठ सुरू झालेली नाही, अशा मधल्या अवस्थेत कितीतरी मंडळ्या अडकल्या आहेत. मग जमीन भाड्याने देणे, विकणे, त्यावरून कोर्ट.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. सहा चर्चपरंपरा एकत्र आल्या. त्यांत स्कॉटिश मिशनच्या आणि अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांची ‘युनायटेड चर्च’ होती, आणि मॅकगॅव्हरन यांचा ‘डिसायपल्स’ पंथही होता. हिस्लॉपचा वारसा, टिळकांचा वारसा आणि मॅकगॅव्हरनचा पंथ एका छताखाली आले, तेही दीक्षाभूमीच्या शहरात. वेगवेगळ्या मंडळ्या जोडणे हा एकजिनसी गटांच्या तत्त्वाला दिलेला सर्वांत मोठा शह होता. पन्नास वर्षांनंतर हे ऐक्य घटनेत आणि बिशपांच्या रचनेत जितके दिसते तितके खेड्यातल्या मंडळीत दिसत नाही, हे माझे मत आहे. पण दिशा बरोबर होती, आणि वाढीच्या पुस्तकांपेक्षा तिच्यात धैर्य अधिक होते.

वसईकडे पाहिले की प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. तिथल्या कॅथलिक धर्मग्रामांना संख्येची चिंता नाही. शेती, वाडी, बोली, लग्नाची गाणी यांच्यासकट चार शतकांची मुळे आहेत. तरी फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘सुवार्ता’ मासिकातून मराठी साहित्याशी बोलत राहिले आणि हरित वसईच्या लढ्यात धर्मगुरूच्या झग्यानिशी रस्त्यावर उतरले. तालुक्याच्या पाण्याचा आणि जमिनीचा प्रश्न त्यांना मंडळीबाहेरचा वाटला नाही. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले ते या बोलण्यामुळे. भंडाऱ्याच्या लहान मंडळीला वसईचे बळ नाही, पण वैनगंगेच्या काठी गोसीखुर्दच्या विस्थापितांचा प्रश्न आहे, धानाच्या भावाचा प्रश्न आहे. त्याविषयी रविवारच्या प्रार्थनेत काही येते का, हे विचारायला प्रश्नावली लागत नाही.

टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य १९०९ च्या सुमारास हाती घेतले आणि साडेदहा अध्याय लिहून ते गेले. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. ज्या बाईने शाळा पाहिली नव्हती, जिला नवऱ्याने घरी अक्षरओळख करून दिली, आणि जिला कोणत्याही मंडळीने पाळक म्हणून कधी दीक्षा दिली नाही, तिने.